मुका बी

गोळीबार चौकात, पंक्चरच्या दुकानावर,
एक खोली. बारा खुर्च्या, तेरावी कूलरच्या टेकूला.
साडेसातला वर्ग भरतो.

आजचा शब्द: डाउट.
सांगितलं, यात एक बी आहे,
लिहायचा, म्हणायचा नाही.
निखारे मागून म्हणाले, "मंग ठेवला काहून?"
म्हटलं, लॅटिनमध्ये कुणी पेरून ठेवलाय, उगवत नाही.

अनुसया हेडाऊ तो बी वहीत जरा मोठाच काढते.
मेडिकलमध्ये आया आहे, वॉर्ड अकराला.
ड्यूटीवरून थेट येते, हातांना फिनाइलचा वास घेऊन.

मी समजावते.
आपण क्लासात म्हणतो, सर, एक डाउट आहे,
तेव्हा तो प्रश्न असतो.
शेजाऱ्याबद्दल म्हणतो तेव्हा उत्तर आधीच ठरलेलं असतं.
पण इंग्रजीत डाउट म्हणजे, तसं नसावं असं वाटणं.
असावं असं वाटलं तर शब्द वेगळा: सस्पेक्ट.
आपल्या एका शंकेला तिकडे दोन दारं.
"ओपीडीवानी," अनुसया म्हणाली,
"चुकलं का पुन्हा लाइनीत."

मग प्रत्येकानं एक वाक्य, स्वतःचं.
निखाऱ्यांनी विजेच्या मीटरवर डाउट घेतला.
अनुसयानं लिहिलं:
आय डाउट माय सन हॅज लेफ्ट कॉलेज.

म्हणजे काय हो?

"म्हंजे सोडलं त्यानं. पक्कंच समजा.
सकाळी डबा घेऊन निघते,
संध्याकाळी डबा रिकामा, वही कोरी.
खिशात मेट्रोचं तिकीट सापडते, खापरीचं.
कॉलेज तं इकडं हाय.
जाते, येते. एसीत बसून राह्यते दिवसभर."

मी लाल पेन उघडलं.
म्हटलं, वाक्य उलटं झालंय तुमचं.
याचा अर्थ होतो,
त्यानं कॉलेज सोडलंय असं मला वाटत नाही.

कूलरमधलं पाणी संपलं होतं, पंप कोरडा घरघरत होता,
कुणी उठलं नाही.
खाली पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरून
बुडबुड्याची वाट पाहत होता.

तिनं माझ्या हाताखालून वही हळूच ओढली.
"राहू द्या ना मॅडम मंग.
इंग्रजीत तरी जाऊ द्या त्याले."

मी बरोबरची खूण केली. लाल पेनानंच.

जिन्यात चपला घालता घालता तिनं विचारलं,
"तो बी म्हणायचा नाई ना?"
नाही.
"मी बी नाई म्हणत," ती म्हणाली, "कोणाले."