दोनशे दहा ते तीनशे तीस

सूर्य म्हणजे शिपाईमामांची काळी छत्री,
उघडून, दांडा कालव्याकाठच्या मुरमात रोवलेला.
दत्तवाडीची शाळा, सातवी ब, शनिवार सकाळ.
ढमढेरे बाईंनी शिवणाच्या तासाची टेप आणलेली
आणि सुतळीचं एक बंडल.
पृथ्वी सूर्यापासून शंभर मीटर.
बाकी सगळा हिशेब त्यावरून.

पहिल्या पाच नंबरांना ग्रह मिळाले.
मूग, वाटाणा, वाटाणा, मिरी,
आणि पार पाचशे वीस मीटरवर
हातात डाळिंब घेऊन हेरंब खळदकर, म्हणजे गुरू.
शनी रद्द.
त्याच्यासाठी स्वारगेटच्या अंगाला जावं लागलं असतं
आणि सुतळी संपली होती.

"उरलेल्यांनी पट्ट्यात."
उरलेले आम्ही सदतीस.
मिरी आणि डाळिंब यांच्या मधे,
दोनशे दहापासून तीनशे तीसपर्यंत,
एका पंक्चरच्या दुकानासमोर पांगून उभे.

घरून चिमूटभर खसखस आणायला सांगितली होती.
आई म्हणाली, खसखस अनारशांना लागते,
राजगिरा ने, तोही बारीकच असतो.
बाईंनी माझ्या पुडीतून एकच दाणा उचलला.
"हा सेरेस. यांच्यातला सगळ्यात मोठा.
बाकी लाखो आहेत,
पण या मापात तुमच्या डोळ्यांना दिसायचे नाहीत.
पुडी खिशात ठेव."

मला वाटलेलं, खडकांची नुसती रेटारेटी असेल,
गणपतीच्या आदल्या दिवशीच्या मंडईसारखी.
बाई म्हणाल्या, छे रे.
एकावर उभा राहिलास तर दुसरा
नुसत्या डोळ्यांना दिसेलच असं नाही.
यानं सरळ आरपार जातात.
तेवढ्यात दुधाचे दोन कॅन लटकवलेली एक लुना
आमच्यातून आरपार गेली.
कुणाला काही झालं नाही.
"बघा," बाई म्हणाल्या.

इक्बाल तांबोळीनं विचारलं,
मग हे सगळे मिळून एक ग्रह का नाही झाले?
बाईंनी लांब हेरंबकडे पाहिलं.
"गुरू होऊ देत नाही.
ओढतो, ढवळतो. जरा जमायला लागले की पांगवतो."
हेरंब तिकडून हात हलवत होता,
त्याला यातलं काय ऐकू जाणार.
"आणि सगळे एकत्र केले
तरी आपला चंद्र काही होत नाही."
चंद्र म्हणजे एक मोहरी.
हे त्या जरा हळूच बोलल्या.

मधेच सुरेखा गायखे पट्टा सोडून
वाटाण्याकडे धावत सुटली.
आम्हाला वाटलं, आता हिला छडी.
बाई हसल्या. "असेही असतात काही,
पृथ्वीच्या जवळून जाऊन येतात."

मी वळून सूर्याकडे पाहिलं.
हात लांब करून मोहरी धरावी एवढीच छत्री.
तरी सावलीसाठी नव्हे,
तिच्याचभोवती फिरायचं म्हणून उभा राहिलो.

सेरेसचं एक वर्ष म्हणजे आपली साडेचार, वर थोडं.
त्या शनिवारपासून माझ्या साडेसात फेऱ्या झाल्या.
मार्केट यार्डात भुसार विभागात काटा सांभाळतो.
राजगिऱ्याचं पोतं आलं की
हात आपोआप आत जातो.
इक्बाल घड्याळं दुरुस्त करतो, सुरेखाचा पत्ता नाही.
हेरंबचे फोटो येतात, मागे बर्फ असतो.
आम्ही सदतीस याच शहरात, बहुतेक,
आणि वर्ष वर्ष एकमेकांना दिसत नाही.

त्या दिवशी परतताना हेरंबनं डाळिंब फोडलं.
पट्ट्याला दाणे पुरले नाहीत.

माझा दाणा बाईंनी परत मागितला नाही.
तो मी दोनशे सत्त्याहत्तर मीटरवर,
जिथे खडूची खूण होती तिथेच ठेवला
आणि उकिडवा बसून राहिलो.
एक मुंगी आली.
दोनदा भोवती फिरली, मग सेरेस उचलून
कालव्याच्या बाजूला चालू लागली.
हे वहीत लिहायचं राहून गेलं.