काल काय खाल्लं?

रात्री अडीचला मुंजाजीने मला गाडीवर घातलं.
लक्ष्मी रोड रिकामा,
काचेमागे पुतळे साड्या नेसून जागे.
एका हाताने मी त्याचा शर्ट धरलेला,
दुसऱ्याने माझी छाती.

ससूनमध्ये ईसीजी नॉर्मल निघाला.
शिकाऊ डॉक्टरीण, तिचेच डोळे सुजलेले,
म्हणाली, हृदय ठीक आहे. काल काय खाल्लं?
या प्रश्नाला चार पर्याय नव्हते.
चहा, मी म्हणालो.
मुंजाजी म्हणाला, आठ लिहा.
आणि एक क्रीमरोल.
मेसचे पैसे मी टेस्ट सिरीजला भरले होते.

भीतीने पोटात गोळा येतो म्हणतात.
माझ्या पोटात त्याच्याशिवाय
दुसरं काही नव्हतंच.

रक्ताच्या रिपोर्टवर तिने बी-ट्वेल्व्हभोवती
निळ्या पेनाने गोल केला.
वाटलं, चला, कुठल्या तरी यादीत
आपल्या नावापुढे खूण झाली.

आता मंगळवारी इंजेक्शन. दंड दुखतो.
नारायण पेठेत पाच कॉटांत एक कुकर,
मुगाची खिचडी, वर
मुंजाजीच्या आईने जिंतूरहून पाठवलेली कारळाची चटणी.
चहा दोनच. तिसरा कधी कधी, त्याला चुकवून.

भीती गेली का, घरून विचारतात.
कशी जाईल? निकाल मार्चात आहे.
पण जेवून उठलो की ती दारातच थांबते,
चपला न काढता.

परवा दुपारचं जेवण राहिलं.
पाचच्या सुमाराला अभ्यासिकेत शेजारचा म्हणाला,
पाय हलवू नकोस, टेबल हलतंय.
मी खाली पाहिलं. खरंच हलत होता.
उठलो, शेंगदाणे घ्यायला.