पाळीचा दिवस

पाचव्या दिवशी दाजी पेठेची पाळी.
पहाटे चारला लांब चावी सायकलच्या दांडीला बांधून
निघालो, तर चौकातला उजेड
नेहमीचा नव्हता. खाली पडत होता तो,
तुकड्या-तुकड्यांनी.

वाटलं, कुठल्यातरी शेडची खिडकी उघडी राहिलीय,
रात्रपाळीचं तूस उडतंय.
बालमणीबाईलाही तेच वाटलं.
दारात येऊन ती सवयीनं खोकली,
पदर नाकाला लावला,
मग हात पुढे केला. तळव्यावर आलेलं
विडीच्या पानासारखं पारखून बघायला गेली,
उलटायच्या आत पाणी झालं.
"तूस वितळत नाही रे, गुरुसिद्धा."

आमच्याकडे ह्याला क्रियापद नाही.
धुकं धरतं, दव बसतं, गारा झोडपतात.
हे काय करत होतं?
मेरगूअण्णा तेलुगूत एक शब्द बोलले,
समोरचे हिरेमठ कन्नडमध्ये दुसरा,
दोघांनाही आपापल्या शब्दाची खात्री नव्हती.
बर्फ म्हणावं, तर बर्फ म्हणजे
भुशात गुंडाळलेली लादी,
गोळेवाल्याच्या रंध्याखाली किंचाळणारी.
हे तर हूं की चूं करत नव्हतं.

उन्हाचं आम्हाला विचारा.
पत्र्याला चुना कधी मारायचा, पोतं किती वेळा भिजवायचं,
पंचेचाळीसच्या दुपारी मागाच्या कुठल्या अंगाला
उभं राहिलं की वारा लागतो.
ह्याचं कुणालाच काही ठाऊक नाही.
त्याला वजन असतं हेसुद्धा
यल्लुबाई बोगमचा पत्रा मधोमध वाकला, तेव्हा कळलं.
पोरं वर चढून केरसुणीनं लोटायला लागली
आणि खालून ओरड:
थांबा बे, थांबा, हंडा लावू द्या!

पाळीच होती ना.
भांडी रात्रीच घासून ठेवलेली.
हंडे, पिंपं, रंगाच्या बादल्या,
सगळ्या गल्लीनं आभाळाखाली ओळ लावली.
आभाळ काय एकाच्याच दारात येणार होतं?
पण लावली,
आणि पुढं पिंप कुणाचं, ह्यावरून दोघींचं वाजलंही.

मी चेंबरचं झाकण उचललं.
चावी बसली, फिरेना.
लोखंड हाताला असं चिकटलं
की मी शिवी दिली आणि तोंडातून वाफ निघाली,
पोरं त्यालाच हसली.
अण्णांनी गोदाम उघडलं. सेकंडचा माल:
मोराला मान नसलेल्या चादरी,
काठ चुकलेल्या, एकीवर कमळ उलटं.
पन्नास वर्षं ह्या गावानं साऱ्या मुलखाची थंडी विणली,
स्वतःच्या अंगावर कधी दुहेरी घेतली नव्हती.
फुकट नाही दिल्या. वहीत मांडल्या.
मान नसलेला मोर माझ्या वाट्याला आला.

बालमणीबाईनं खिशात कांदा घातला.
"अगं, हा उन्हासाठी असतो."
"असू दे. काहीतरी पाहिजे खिशात."

नऊ वाजता ऊन आलं,
आपलं, ओळखीचं, जरा ओशाळल्यासारखं.
हंड्याहंड्यातलं पांढरं बसत गेलं, बसत गेलं,
शेवटी तळाशी चार बोटं पाणी.
बायका वाकून बघत राहिल्या.
"एवढंच?"
यल्लुबाई म्हणाली,
आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

मग दोघातिघांनी चावीला जोर लावला,
खाली खरखरलं, नळ गुरगुरले.
गढूळ आलं आधी, मग बरं आलं.
कुणीतरी म्हणालं, प्रेशर कमी सोडलंस.

रजिस्टरात वेळ लिहिली. उशीर: पाच तास.
शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून
लिहिलं, 'वरूनही आले.'
साहेबांनी त्याखाली लाल रेघ मारली,
खुलासा मागितलाय.

चादरीचे ऐंशी रुपये अजून द्यायचेत.
अण्णा विसरत नाहीत.