घोट्याच्या खाली

टेप नेहमी घोट्यापाशी थांबायची.
कंबर बेचाळीस, मांडी चोवीस,
लांबी घोट्यापर्यंत. लिहिलं, झालं.
दांडिया बाजारात एक्केचाळीस वर्षं
मी माणसांना घोट्यापर्यंतच ओळखत होतो.
त्याखालचा मुलूख चपलांच्या दुकानाचा.

माझे स्वतःचे पाय मशीनच्या लोखंडी जाळीवर असायचे.
चवडा, टाच, चवडा, टाच,
किती कोस गेलो असेन कोण जाणे
त्याच त्या स्टुलावर बसून.
मग जिग्नेशने मोटर लावली.
"मास्तर, हवे आराम करो," म्हणाला.
पाय आरामाला गेले
ते कामावर परत आलेच नाहीत.

आधी मुंग्या. मग कापूस.
फरशीवर पाऊल टेकवावं तर मध्ये
कुणी अस्तर घातल्यासारखं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळे मिटा.
आणि नायलॉनच्या एका ताठ दोऱ्याने
तळव्याला दहा ठिकाणी टोचलं.
दोऱ्याने! मला!
मी अंधारात म्हणत गेलो, हो. हो. इथे, हो.
सहा वेळा म्हणालो.
चार टाके उसवले होते.

घरी सांगितलं नाही.
नवरात्र तोंडावर, सत्तावीस चणियाचोळ्या बाकी,
आरसे, कवड्या, कुणाला घेर कमी पडतोय.
पायांना म्हटलं, दसऱ्यानंतर बघू.

अष्टमीच्या रात्री इंदुमती म्हणाली,
फरशीभर या लाल टिकल्या कुणी सांडल्या?
आणि वेचायला वाकली.
टिकल्या ओल्या होत्या.

डाव्या टाचेत सुई. मोडकी, माझीच.
सकाळपासून तिच्यावर चाललो होतो मी,
दुकानाचा जिना चार वेळा,
सुरसागरच्या कठड्याने चहापर्यंत आणि परत.
जराही दुखलं नाही.
तेच दुखतंय अजून.

जखम भरायला मकरसंक्रांत उजाडली.

आता सकाळी ट्रायल रूममधला हातआरसा
जमिनीवर ठेवतो आणि तळवा बघतो,
उलटं करून कपड्याची शिवण बघावी तसा.
पाणी इंदुमतीच्या कोपराला विचारून घ्यायचं,
माझ्या पायांच्या साक्षीवर आता भरवसा नाही.
बोटांच्या फटी जुन्या मलमलने टिपायच्या,
टाचांना खोबरेल, पण फटीत थेंबही नाही.
नखं सरळ कापायची म्हणे, गोलाई द्यायची नाही.
जन्मभर गळ्यांना गोलाई दिलेला हात
इथे दर रविवारी अडखळतो.
बूट घालण्याआधी उलटे करून झटकतो,
एकदा त्यातून हूक निघाला, एकदा चिंचोका.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की
कटिंग टेबल धरून टाचा उचलतो, पंधरा वेळा.
मग स्टुलावर बसून
पायाच्या बोटांनी फरशीवरची बटणं उचलायची
आणि डबीत टाकायची.
पहिल्या आठवड्यात एकही नाही.
आता एका शर्टाची सात होतात.
करंगळी काम करत नाही, नुसती हजेरी लावते.
जिग्नेश हसतो, मग हळूच
त्याचंही पाऊल चपलेतून बाहेर येतं.
जुन्या मशीनचा पट्टा मी काढून ठेवलाय.
त्यावर पायडल मारत बसतो, कापड नाही, दोरा नाही.

काल ब्लाउजाला आलेल्या वैजयंतीबाईंचं माप घेतलं,
आणि विचारून गेलो,
बाई, तळवे बघता का कधी?
त्या दचकल्या. शिंप्याने विचारायचा प्रश्न नव्हे तो.
मग म्हणाल्या, कोण बघतं हो.
वहीत त्यांच्या नावापुढे मी एक बारीक फुली केली.
पुढच्या खेपेला पुन्हा विचारीन.

परवा दोऱ्याची परीक्षा झाली.
या वेळी सात.
एक टाका खरंच परत आला,
की मी अंदाजाने हो म्हणालो,
कुणास ठाऊक.
डोळे मिटलेले होते.