घट

तीन दिवस काबरी खुराड्यातून सगळ्यांत शेवटी येते
आणि सगळ्यांत आधी आत जाते.
बाकीच्या सहाजणी उकिरडा उपसतात,
ही कट्ट्याला टेकून, पिसं फुगवून,
विट्याच्या वैशाखात
एकटीलाच थंडी वाजल्यासारखी.

तुरा बघितला :
धुऊन धुऊन विटलेल्या ब्लाऊजपीसचा रंग.
छाती चाचपली :
मांसाच्या जागी विळ्याची पाठ लागली बोटाला.

"मानमोडी न्हवं," सुगलाबाई कुंपणावरून म्हणाली,
"मान सरळ हाय. पर अंगात हाय तवर काप.
आज सोमवार. बुधवारी काप."
ह्यांचा फोन कोइमतूरहून, गलाईच्या दुकानातून,
मागं भट्टीची घरघर :
"कोंबडी ती. पाचशेची.
तिच्यापायी दोन दिवस शिलाई बंद ठेवलीस?"

ठेवली होती.
मिक्सरच्या खोक्यात पोतं अंथरून
ड्रॉपरनं गूळपाणी देत होते चोचीच्या कडेनं,
थेंब, मग घोट खाली उतरेपर्यंत वाट,
मग थेंब.
तिची खालची पापणी वर येई
आणि तशीच राही.

दवाखान्यात मुजावर म्हणाला,
"जंत. एकीला म्हंजे सगळ्यांना, ताई.
जमीन एक, उकरणं एक."
मग पुडी हातात तशीच धरून थांबला.
"पण हिचं वजन कळू दे आधी.
एवढ्या खंगलेल्या पोटात
मेलेले जंत एकदम सुटले तर गोळा होऊन अडकतात.
अन् न द्यावं, तर ते हायतच."
दोन्ही एकाच सुरात सांगून
तो पुढच्या शेळीकडं वळला.

घरी ताणकाट्याला पिशवी अडकवली.
प्रांजलनं श्वास धरला, काट्यानं धरला नाही.
नऊशे चाळीस.
दिवाळीत चौदाशे होती,
प्रांजलच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलंय.

रात्री ह्यांना तेवढंच सांगितलं :
चौदाशेची नऊशे चाळीस.
पलीकडं भट्टी बंद झाली असावी,
किंवा हे दुकानाबाहेर आले असावेत.
"एवढी घट?" म्हणाले.
वीस वर्षं ज्या माणसाला
गुंजभर घट कुठं गेली म्हणून झोप लागत नाही,
चुलीची राख चाळतो, फरशी धुतलेलं पाणी गाळतो,
त्याच्या तोंडचा हा शब्द.
मग हळूच : "माळ्यावर माझा जुना काटा हाय बघ.
पितळी. पुडी त्यावर तोल.
डोळ्यानं अंदाज करू नको."

तर ज्या पारड्यात एकेकाळी
कुणाकुणाची मोडकी मंगळसूत्रं पडली
त्यात मी जंताचं औषध घातलं.
सहाजणींचं आधी, बरोबर मापानं, पाण्यातून.
काबरीचं बाजूला ठेवलं.
दोन दिवस आणखी गूळपाणी, कण्यांची पेज,
मग अर्धं.
बाकीचं अर्धं कधी,
ते पुडीवर लिहिलेलं नाही,
मुजावरनंही सांगितलं नाही.

सात दिवसांची अंडी कुणाला द्यायची नाहीत.
अंगणवाडीची वैजंता सुनेसाठी डबा घेऊन आली,
नववा लागलाय सुनेला.
मी नाही म्हटलं.
"आमालाच न्हाई व्हय," म्हणाली,
रिकामा डबा पदराखाली घेऊन गेली.
रोज चार-पाच अंडी शेवग्याच्या मुळाशी पुरते,
खड्डा करताना कुणी बघत नाही ना बघते,
चोरी केल्यासारखं.

चौथ्या दिवशी खोक्यातल्या कागदावर
शेवयांच्या तुटक्या काड्यांसारखं पांढरं काही.
प्रांजल ओरडली, मग जवळ जाऊन मोजत बसली.
अकरा.
मी पुन्हा ताणकाटा लावला.
नऊशे पंचावन्न.
पंधरा ग्रॅम पेजेचेच असतील.

आज ती आपणहून खोक्याबाहेर आली,
एक दाणा उचलला, टाकला, परत उचलला.
तुरा तांबूस दिसतोय,
पण ऊनही कलतंय ह्या वेळी,
भिंतही तांबूस दिसते,
माझे हातसुद्धा.
सकाळी बघीन.