खळ

टॉवेलच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर
एकोणीस वर्षं मी दोष शोधते:
निसटलेला फास, तुटलेला ताणा,
काठात शिरलेली दुसऱ्याच लॉटची निळी.

अक्कलकोट रोडचं ऊन पत्र्यावर चढायच्या आत
मुकादम रोज विचारायचा,
"बरं नाही का ओ येमूलबाई?"
मी बरी असायची.
विषमज्वर जाऊन चार वर्षं झालेली,
दोन दाढा त्याच्याही आधी गेलेल्या.
गाल तेवढे आत राहिले.
रजा न मागता मिळायची,
बढती मागूनही नाही.

भिशी लागली तेव्हा
घरात सांगितलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते.
सात रस्त्याला तिसरा मजला, गार खोली.
डॉक्टर बिराजदारबाई माझ्या धाकटीहून
दोनच वर्षांनी मोठ्या असतील.
"एका गालाला एक एमएल," म्हणाल्या.
मला एमएल कळत नाही, जीएसएम कळतं.
"पाचशेचा टॉवेल करा," म्हटलं, "सहाशेचा नको,
घरात पाहुणी आल्यासारखं वाटेल."
त्या हसल्या. सुई नाही हसली.

टिकतं किती?
"वर्ष. फार तर दीड. मग आपोआप विरघळतं."
म्हणजे खळ.
सुताला पाजायची, अंग धरायला.
पहिल्या धुण्यात जाणार, हे विणणाऱ्याला ठाऊक,
विकणाऱ्यालाही.
तरी बिनखळीचं सूत
मागावर एक पाळी टिकत नाही.

कुणाच्या काही लक्षात आलं नाही.
डाव्या गालावर डाळीएवढं निळं,
ते पावडरीखाली गेलं.
मुकादमानं विचारणं बंद केलं, इतकंच.
इतक्यासाठीच तर.
गुरुवारी मालकाच्या केबिनमध्ये
खुर्ची ओढून बसले
आणि तपासणीचं रजिस्टर माझ्या नावावर मागितलं.
"बघू," म्हणाला,
पण माझ्याकडे बघून म्हणाला.

रात्री मोरीतल्या आरशात मात्र
कुणीतरी कमी होतं.

अम्मा विड्या वळायची, दिवसाला हजार.
ओढली एकही नाही,
तरी गाल कायम झुरका घेतल्यासारखे.
तापानं माझं वरवरचं काढून नेलं,
खाली तिचे खड्डे होतेच, तयार.
मला देण्यासारखं
तिच्याकडे दुसरं काय होतं?

डॉक्टरांनी दाबू नका म्हटलेलं.
दोन बोटांनी दाबलाच गाल.
जरा दिसली ती,
आणि बोटं काढताच
जागा पुन्हा भरून आली,
नव्या टॉवेलसारखी.

वर्षभर थांब गं.
पुढच्या भिशीत माझा नंबर अकरावा आहे.
पैसे हातात आल्यावर काय करीन
ते आत्ताच विचारू नकोस.