मागची बाजू

सर्व्हर तेच विचारतो
जे तारामुंबरीत कुणीही विचारतं:
तू कोणाचां? खंयच्या वाडयेतलां?
आधी नाव, मग घर, मग वाडी, मग गाव,
पानाकडून मुळाकडे.
हे झाड पुस्तकात वाचून मला कळलं नव्हतं,
जेटीवर उभी राहिले तेव्हा मिनिटभरात कळलं.

बर्फाच्या फॅक्टरीवर सोसायटीचं ऑफिस.
खाली कॉम्प्रेसर सुरू झाला
की टेबलावरचा माऊस आपसूक सरकतो.
जेटीला डिझेलचा नवा पंप बसलाय.
तो नाव घेतो, पासवर्ड घेतो, सर्व्हरला विचारतो,
आणि सर्व्हरच्या पोटात काहीच नाही.
जे आहे ते मोतीराम कोयंड्यांच्या रजिस्टरांत,
लाल कापडी पुठ्ठ्याच्या, एकोणीस.

तर मधे बसायला एक स्क्रिप्ट हवी होती.
पुढून तो प्रश्न ढकलतो, ओळीमागून ओळ,
शेवटी एक रिकामी ओळ,
मग गप्प.
मी रजिस्टर चाळते
(आता ते फाईलीत आहे, दोन मे महिने
मीच टाईप केलेलं)
आणि उत्तर तसंच ओळीओळीनं परत करते.
त्याला वाटतं मागे केवढा डेटाबेस आहे.
मागे आहे कोयंड्यांचं अक्षर,
ज्यात खवळे की रवळे हे बघायला
वही घेऊन खिडकीशी जावं लागतं.

शोध सोपा वाटला होता.
पहिल्याच दिवशी दिगंबर सारंग तीन निघाले.
सर्व्हरला एका फांदीवर एका नावाचं एकच पान चालतं.
‘‘त्यात काय,’’ कोयंडे म्हणाले,
‘‘एक बारको, एक बावीकडलो,
आणि एक जलकन्यावालो.
बोट इकल्यान, पण नाव रवलां.’’
मी तसंच घातलं. पंपाला चाललं.

आकडे मात्र पाठ करावे लागले.
शून्य: झालं.
एकोणपन्नास: पासवर्ड चुकला.
बत्तीस: असा कोणी नाही.
त्रेपन्न मला आवडतो. त्रेपन्न म्हणजे
करता येईल, पण मी करणार नाही.
माझी आजी असती तर सगळ्या सरकारी कागदांवर
तिने हाच शेरा मारला असता.

जानेवारीत कमिटीने यादी दिली, काढायच्या नावांची.
सातवं: जनार्दन धुवाळी.
शारजाला टगबोटीवर गेलेला. अकरा वर्षं
ना फोन, ना पैसे, ना मेल्याचा कागद.
रजिस्टरात त्याच्यावर रेघ होती, पेन्सिलीची.
बाकीच्यांवर पेनाची.
मी कोयंड्यांकडे पाहिलं. ते रबर शोधत होते,
किंवा शोधल्यासारखं करत होते.
वगळण्याचं फंक्शन मी त्या दिवशी लिहिलं.
तीन ओळींचं. कुणाचंही नाव द्या,
त्रेपन्न.

मग एका पहाटे, तीन वाजून दहा मिनिटांनी, लॉगमध्ये:
जनार्दन धुवाळी. एकोणपन्नास.
जनार्दन धुवाळी. एकोणपन्नास.
जनार्दन धुवाळी. एकोणपन्नास.
मी ती ओळ इतक्या वेळा वाचली
की चहावर साय आली.

साईल होता. त्याचा मुलगा, अठराचा.
‘‘बोट तीच, इंजिन तांच, कोटा पडान आसा,’’ म्हणाला.
पासवर्ड काय घातलास?
‘‘माझी जन्मतारीख. त्येंनी तीच ठेवली असतली,
असां वाटलां.’’

कमिटी अजून विचारते, यादीचं काय झालं.
साईलला मी नवीन पान दिलं,
वाडीखाली नाही, बापाखाली.
ज्याच्या खाली कुणी आहे
ते सर्व्हर स्वतःच खुडू देत नाही,
तो आकडा सहासष्ट, आणि तो नियम माझा नाही.
कोयंड्यांना हे समजावून सांगितलं.
‘‘मगे बरां,’’ म्हणाले,
आणि एकोणिसाव्या रजिस्टरात,
पेन्सिलीच्या रेघेखाली जागा नव्हती म्हणून
समासात आडवं लिहिलं: साईल.
पेनानं.

पंप पावणेचारला सुरू झाला.
माऊस सरकत सरकत पार कडेला गेलाय.